उद्यमबागेतलं सेफ्टीचं दुकान: भाच्याला घेऊन गेलो, दीड तास लागला

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या तोंडानं बोलतोय ते कळेल. मी येळ्ळूरचा, धंद्यानं फिटर. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीत नऊ वर्षं काढली आणि 2009 पासून मुंबई हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या तेल-वायूच्या क्षेत्रात, जातोय. ठेकेदाराकडं, कायम नोकरी नव्हे. पावसाळा सरला की बार्ज, म्हणजे कामाचं सपाट जहाज, लागते, मे संपायच्या आत समुद्र फिरायला लागला की आम्ही घरी. मग चार महिने भात, म्हशी आणि बायकोची बोलणी.

यंदा बहिणीचा मुलगा निघालाय. नंदगडचा. समुद्रात खांबांवर उभ्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, हेल्पर म्हणून. आमच्यासारखी सुट्टी त्याला नाही, जेवण बारा महिने लागतं. त्यामुळं पोरगं ऐन श्रावणात, धो धो पावसात निघालं. बहीण म्हणाली, "दादा, तू बघून दे काय लागतंय ते. तिकडं कुणाला विचारणार हा?"

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठेकेदारानंच द्यायचं असतं की. बरोबर आहे. बूट, कव्हरऑल (गळ्यापासून घोट्यापर्यंतचा अखंड पोशाख), हेल्मेट, हातमोजे, सगळं त्यानं द्यायचं, आपल्या खिशाला हात लागायचा नाही. देतातही. पण माझ्या पहिल्याच वर्षी स्टोअरकीपरकडं दहा नंबरचे बूट तेवढे शिल्लक होते आणि माझा पाय आठचा. "दोन मोजे घाल," म्हणाला. घातले. अठ्ठावीस दिवस बारा-बारा तास लोखंडी जिने चढलो-उतरलो, शेवटी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. तेव्हापासून बूट माझे मी घेतो. सेफ्टी ऑफिसर शिक्का बघतो, हो म्हणतो, विषय संपला.

तर दुकान. तिसऱ्या रेल्वे गेटकडून उद्यमबागेत शिरलं की बेअरिंग, वेल्डिंग रॉड, पट्टे विकणाऱ्यांची ओळ लागते, त्यातच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकालाच विचारलं तर म्हणाला, "नको टाकू. नाव वाचून येणारं गिऱ्हाईक आधी भाव पाडून मागतंय." खूण सांगतो: दाराबाहेर पिवळे गमबूट दोरीला उलटे टांगलेले असतात आणि पावसात त्यांच्या टाचांवरून पाणी ठिबकत असतं. बोर्ड कन्नडमध्ये, आतली बोली मराठी, हिशेबाची वही दोन्हींत. मालक वडगावचा, विणकराच्या घरातला. अजून घरी माग आहे म्हणतो. हे मागाचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आत गेलो तर "बर्री बर्री (या या), बसा फिटर" झालं. भाच्यानं भिंतीकडं बोट केलं, "ते काळे बूट दाखवा." मालक हललाच नाही.

"काम काय हाय ते सांग आधी."

"गॅलीत."

"म्हंजे?"

"किचनमध्ये. प्लॅटफॉर्मवर."

"तेलकट फरशी. गरम पाणी. बाहेर जाळी." मालकानं तीन बोटं मोडली आणि काळे बूट तसेच भिंतीवर राहू देऊन खालच्या खोक्यातले काढले.

बुटांबद्दल जरा लांबण लावणार आहे, कारण माझं नाक तिथंच कापलं गेलं होतं. आपल्याकडं सेफ्टी बूट म्हणजे पुढं लोखंडी टोपी एवढंच लोक बघतात. आयएस 15298 असा शिक्का असला तर ती टोपी 200 जूलचा मार सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभरावरून बोटांवर पडलं तरी बोटं वाचतात. ते ठीक. पण बुटाचं खरं मरण तळव्यात असतं. हलके, मऊ, पायाला छान वाटणारे बहुतेक तळवे पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असतात आणि पीयूला दमट हवा खाते. घाला नाहीतर पेटीत ठेवा, ती खातेच. उलट वापरातला बूट जास्त टिकतो, नवा ठेवलेला आतल्या आत सडतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बेळगावातच दुसऱ्या एका दुकानात सूट होती म्हणून एकदम दोन जोड घेतले होते. एक वापरला, एक ट्रंकेत. तीन पावसाळे गेले. मग तो "कोरा" जोड घालून ऐटीत निघालो. बोटीतून प्लॅटफॉर्मच्या खालच्या धक्क्यावर उतरलो, जिना चढून पहिल्या डेकच्या जाळीवर पाय ठेवला आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा उजवा तळवा टाचेकडून सुटला. चार पावलांत भुगा. जाळीच्या भोकांतून तो भुगा खाली पाण्यात पडताना मला दिसत होता. माझ्या मागं अकरा माणसं सामान घेऊन जिन्यात उभी. हसली नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या दुकानानं जुना माल सुटीत काढला होता की ट्रंकेत ठेवण्याची चूक माझी, हा हिशेब अजून लागलेला नाही. दोन्ही असावं.

म्हणून या मालकानं बूट काढल्या काढल्या उलटा करून भाच्यापुढं धरला तेव्हा मला बरं वाटलं. टाचेजवळ रुपयाएवढं एक वर्तुळ असतं, घड्याळासारखं. कडेनं बारा महिने, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडं, त्या महिन्यात तळवा ओतलेला. "हे बघितल्याशिवाय माझ्याकडनं पण घेऊ नको," मालक म्हणाला. मी सोळा वर्षं हे बूट घालतोय, ते वर्तुळ मी नक्षी समजत होतो.

गॅलीसाठी त्यानं नायट्राइल रबराच्या तळव्याचा दिला. जड आहे, पण गरम तेलाला आणि फरशीला तोच बरा. नंबरावरून थोडी चकमक झाली. मालक म्हणाला नऊ घे, दिवसभर उभा राहून पाय सुजतात, संध्याकाळचा पाय मापायचा असतो. भाचा म्हणाला, लहानपणापासून आठच. आठ घेतले. याचं पुढं काय झालं ते शेवटी.

आता कापडाची गोष्ट. खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलो.

पोरानं आधीच फोनवरून एक नारिंगी कव्हरऑल मागवून ठेवली होती. पाठीवर चकाकत्या पट्ट्या, छातीवर इंग्रजीत फायरप्रूफ. बरोबर आणली होती, दाखवायला. मालकानं हातात घेतली, अंगठा आणि तर्जनीत चुरगाळली, नाकाला लावली. मग आतल्या शिवणीतून एक धागा नखानं ओढून काढला. टेबलाच्या खणातून मेणबत्ती आली, पेटली. धागा ज्योतीजवळ नेला तर पेटायच्या आधीच आक्रसून मागं पळाला, मग वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. मालकानं तो मणी भाच्याच्या तळहातावर ठेवला. "दाब." दबला नाही.

"हा पॉलिस्टर. साडीला चांगला. आग लागली तर हा असाच तुझ्या कातड्यावर मणी होऊन बसतोय, मग डॉक्टर कापड सोलणार का कातडं?"

मग त्यानं साध्या सुती पंच्याचा धागा जाळला. सरळ जळला, कागद जळल्याचा वास, बोटात चोळला तर राख. आणि तिसरा, दुकानातल्या आगरोधक कव्हरऑलचा. ज्योतीत होता तोवर लाल झाला, बाहेर काढला आणि विझला. ठिबकला नाही, पळाला नाही, काळा होऊन तसाच उभा. "आमच्यात सूत आणताना आज्जा असंच बघायचा," म्हणाला. मोठाल्या कंपन्यांत आयएसओ 11612 असं लेबल बघतात, तेच मीही बघत आलो. लेबल कुणीही शिवू शकतो, हे मेणबत्तीपुढं बसल्यावर डोक्यात आलं.

धुण्याचंही सांगितलं: ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी नाही. हे मला महागात पडून माहीत आहे. बायकोनं एकदा ग्रीस जाईना म्हणून माझी कव्हरऑल रात्रभर ब्लीचमध्ये बुडवली होती. सकाळी लख्ख. ती आता म्हशी धुताना घालतो.

तिसरी चांगली गोष्ट हातमोज्यांची, आणि इथं मालकाला माहीत नसलेलं मी सांगितलं.

गॅलीतल्या पोराला मोजे कशाला, असं भाच्यालाही वाटत होतं. प्लॅटफॉर्मवर आग, वायू, उंची, हे सगळं धोक्याचं. कांदा चिरणं धोक्याचं कोण म्हणेल? मुंबई हायला जाणाऱ्या प्रत्येकाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट ऐकवतात. 27 जुलै 2005. आदल्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडलेला, शहर बुडालेलं, हेलिकॉप्टरं जमिनीवर. मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मजवळ समुद्र सुरक्षा नावाचं जहाज होतं. त्यावरच्या आचाऱ्याच्या बोटांची टोकं कापली गेली. औषधपाण्यासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायचं म्हणून जहाज जवळ नेलं. वारा आणि लाट प्लॅटफॉर्मकडंच ढकलत होती, त्यात जहाज वळवणारी यंत्रं नीट साथ देईनात. आचाऱ्याला पाळण्यातून क्रेननं वर घेतलं. आणि त्यानंतर जहाज लाटेबरोबर जाऊन वायूच्या उभ्या नळीवर, रायझरवर, आदळलं. नळी फुटली, पेट घेतला. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म पाण्यात. त्या दिवशी तिथं 384 माणसं होती, त्यातली 22 गेली. जहाजही पुढं बुडालं.

आचाऱ्याचा यात काडीचा दोष नाही, हेही ट्रेनिंगवाला आवर्जून सांगतो. नळ्या जिथं जहाज लागतं त्याच बाजूला उघड्या होत्या, तशा हवेत जहाज कुठल्या बाजूनं न्यायचं, न्यायचं की नाही, हे ठरवायची पद्धत कच्ची होती. पुढं 2008 साली केंद्र सरकारनं समुद्रातल्या तेल-वायूच्या कामासाठी सुरक्षिततेचे वेगळे नियम काढले, देखरेख ओआयएसडीकडं, म्हणजे तेल उद्योगाची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी खात्याकडं, दिली. हे सगळं खरंच. पण मला ती बोटंच आठवतात. दोन बोटं.

मालक जरा गप्प बसला. मग आतून करड्या रंगाचे, विणलेले मोजे घेऊन आला. कापण्यापासून वाचवणारे. मागं हातोड्याचं चित्र, खाली आकडे आणि शेवटी एक अक्षर. ईएन 388 हे त्या खुणेचं नाव. शेवटचं अक्षर ए ते एफ, जेवढं पुढचं तेवढं पातं सोसणारं. त्यानं सी काढून दिला. मग स्वतःच म्हणाला, "थांब," आणि दुसरा जोड आणला, ज्यावर पेला आणि काट्याचमच्याची खूण होती. खाण्याला लागला तरी चालतो, अशी ती खूण. पहिला जोड फाउंड्रीतल्या पत्र्याच्या कामाचा होता. हे त्यानं न विचारता बदललं, म्हणून एक तारा इथंच दिला. जाता जाता दम पण भरला: खिमा करायचं मशीन चालू असताना मोजा नको. फिरत्या यंत्रात मोजा गेला की हात मागं राहत नाही.

आम्ही मोजे बघत असताना एक पोरगा भिजत आला. सौंदत्तीकडं पवनचक्क्यांवर काम करतो म्हणाला. त्याला दोरी हवी होती, हार्नेसची, म्हणजे उंचीवरून पडताना धरणाऱ्या अंगभर पट्ट्याची. मालकाचं परत तेच, "खाली किती मोकळं हाय?" पोरगा गोंधळला. मालकानं मोजपट्टी काढून फरशीवर खडूनं रेघा मारल्या. दोरी दोन मीटर. झटका सोसणारी घडी उलगडली तर पावणेदोन मीटरपर्यंत. वर तुझी उंची, वर मीटरभर राखीव. रेघ दुकानाच्या दारातून बाहेर, पावसात गेली. सहा मीटरच्या वर. "दहा-बारा फुटांच्या परांचीवर ही दोरी लावलास तर तुला जमीन आधी धरणार, दोरी नंतर." पवनचक्कीत आत शिडीला चालेल असं दुसरं साधन लागतं, ते सरकतं असतं आणि लगेच अडकतं. ते त्याच्याकडं नव्हतं. नाही म्हणाला आणि पोराला मोकळ्या हातानं परत पाठवला. पुण्याहून मागवतो, आठ दिवसांनी ये, एवढंच.

हे बघून मला आमच्या परमिटवाल्याची आठवण झाली. प्लॅटफॉर्मवर साधा वॉल्व्ह खोलायचा तरी वर्क परमिट लागतं. काय काम, कुठं, किती वाजेपर्यंत, त्या नळीत काय आहे, शेजारी कोण काय करतंय, सगळं लिहून, सह्या घेऊन. नवीन पोरांना तो कारकुनी छळ वाटतो. मलाही वाटायचा. ब्रिटनच्या समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 ला जे झालं ते ऐकलं की मग सही करताना पेन जरा सावकाश चालतं. एका पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी नुसतं झाकण. परमिट होतं, पण रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. 167 माणसं गेली.

दुकानात यावरचा इलाज कोपऱ्यात धूळ खात पडलाय. लाल कुलपं, नंबर घातलेली, प्रत्येक कुलपाची वेगळी, एकच किल्ली. यंत्राचा खटका बंद करून आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात, काम संपेपर्यंत कुणाचा बाप चालू करू शकत नाही. मी विचारलं, खपतात का? "चार वर्षांत तीन. त्यातलं एक एकानं स्कूटरला लावलंय."

बाकी सामान पटापट सांगतो. हेल्मेट आयएस 2925 चं, हनुवटीच्या पट्ट्यासकट. हेलिकॉप्टरच्या धक्क्यावर सुटी टोपी चालत नाही, उडून पंख्यात गेली तर संपलं. त्यावर गणपतीचं स्टिकर लावू नको म्हणून सांगितलं, गोंदानं प्लास्टिक कमजोर होऊ शकतं. भाच्याला पटलं नाही. कानातले बोळे घेतले. ते चुरगाळून बारीक करून, दुसऱ्या हातानं कान वर ओढून घालायचे आणि फुगेपर्यंत धरायचे, हे मालकानं करून दाखवलं. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, फाउंड्रीची देणगी, म्हणून मी तिथं काही बोललो नाही.

मास्क मात्र नाही दिला. भाच्यानं दोन डब्यांचा, चित्रपटात असतो तसला मास्क मागितला होता, विषारी वायूसाठी. मालक म्हणाला, "हा रंगाच्या वाफेला. तुमच्यातल्या वायूला न्हाई." खरं आहे. हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असतो तेव्हा घाण वास येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच मरतं, वास यायचा थांबतो, माणसाला वाटतं गेला वायू. तिथं सिलिंडरमधली हवाच लागते आणि ती प्लॅटफॉर्मवर ठेवलेली असते. मालकाला हे साखर कारखान्यांमुळं माहीत होतं. आपल्या जिल्ह्यात कारखाने काय कमी आहेत? तिथं सांडपाण्याच्या टाकीत उतरणारी पोरं हाच मास्क मागायला येतात, म्हणाला, आणि मी देत नाही, मग ती पुढच्या दुकानातून घेतात.

लाइफ जॅकेटचंही तसंच. नारिंगी, फोमचं, दांडेलीच्या राफ्टिंगवाल्यांसाठी ठेवलेलं. भाच्यानं अंगात घालून आरशात बघितलं, फोटो काढला. मी म्हटलं, काढ. नंदगडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला पोरगा, त्याला वाटतं तरंगलं की झालं. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर वरच्या पंख्याच्या वजनानं उलटं होतं. आत फोमचं किंवा आधीच फुगवलेलं जॅकेट असलं तर ते तुला वर, म्हणजे उलट्या हेलिकॉप्टरच्या जमिनीला, चिकटवून ठेवतं. दारापर्यंत बुडी मारताच येत नाही. म्हणून हवेत जाताना कमरेला किंवा गळ्यात चपटं जॅकेट असतं आणि बाहेर पडल्यावर दोरी ओढायची. ट्रेनिंगच्या तलावात पिंजऱ्यात बसवून हे उलटं करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, फिरणं थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. पहिल्या वेळी मी फिरता फिरताच सोडला. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना, नाकातून पाणी मेंदूपर्यंत. बुडालेल्या खिडकीतून मला एका पाणबुड्यानं पायाला धरून काढलं. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं, भाच्यासमोर सांगून बसलो.

पण मोठं जॅकेट कुठं लागतं तेही सांगितलं. 17 मे 2021, तौक्ते वादळ, पी-305 बार्ज. 261 माणसं. बार्जचे नांगर तुटले, ती भरकटली, बुडाली. सत्तरहून जास्त माणसं गेली. जी वाचली त्यातली कितीतरी जॅकेट घालून रात्रभर पाण्यात होती. मी तेव्हा गावात, लॉकडाउनमुळं लवकर परतलेला. दोन दिवस फोन लावत बसलो होतो, कुणाकुणाचे नंबर आठवून. त्यातला एक नंबर अजून मोबाइलमध्ये आहे.

असो. दुकानाचे दोष.

एक, दाराजवळच अर्धा बेल्ट टांगलाय, नुसता कमरेचा. त्यावर लटकलं की माणूस दुमडतो, कमरेत मोडतो, उंचीवरच्या कामाला तो कुणी वापरू नये. मी विचारलं, अण्णा, मघाशी त्या पोराला दोरी दिली नाहीस आणि हे काय? "रंगवाले मागतात. स्वस्त हाय." एवढ्या शहाण्या माणसाकडनं हे ऐकून वाईट वाटलं. पाचवा तारा इथं गेला.

दोन, बायकांच्या मापाचं काहीच नाही. बूट सहापासून पुढं. माझ्या शेजारची सून फाउंड्रीत तपासणीला आहे, ती मुलांच्या शाळेच्या बुटात जाते.

तीन, दुपारी दीड ते चार शटर खाली. फोन उचलत नाही. भाव एक रुपया खाली येत नाही. आगरोधक कव्हरऑल मापात नव्हती, सहा दिवसांनी आली, तोवर पोराची गाडी सुटायला दोन दिवस राहिले होते. आणि बदलून देण्याचा नियम कडक: आठ दिवसांत, तेही न घातलेलं.

हा शेवटचा नियम आम्हाला लागलाच. पोरगा मुंबईला पोचला, मेडिकल झालं, ट्रेनिंगमध्ये दोन दिवस उभं राहिला आणि रात्री फोन, "मामा, बूट चावायला लागलेत. नऊ पाहिजे होते." स्लीपर बसवाल्याच्या हातात बूट परत आले. घेऊन गेलो. मालकानं खोका उघडला, तळव्यावरची माती बघितली आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही, तेवढं पुरे होतं. नऊचा जोड काढला, उलटा करून बाण दाखवला, पैसे पूर्ण घेतले.

आता घरात आठ नंबरची एक जोडी आहे, नायट्राइल तळवा, दोनच दिवस वापरलेली. मला बसते, पण माझी चांगली आहे आणि दुसरी ट्रंकेत टाकायची नाही अशी बायकोची ताकीद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा कुणी निघणार असेल तर येळ्ळूरला या, निम्म्या किमतीत देतो. संध्याकाळी या, पाय सुजलेला असताना. आणि घ्यायच्या आधी उलटी करून बघा.